कोवळ्या प्रेमाच्या कथेत देवाधर्माचे संदर्भ: आधी विचारा, हा संदर्भ कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोळा वर्षांच्या मुलाच्या पहिल्या प्रेमावर दीर्घकथा लिहून झाली आहे. घरात आजी रोज पोथी वाचते आणि मुलगा ती ऐकतच वाढला आहे. त्यामुळे कथेत राधाकृष्ण आहेत, मीरा आहे, रुक्मिणी आहे, एके ठिकाणी समुद्रमंथनही आहे. मुलीचं घर ख्रिस्ती, म्हणून एक चर्चही आलं आहे. वाचायला दिलेल्या तिघांपैकी एकाला हे सगळं 'सुंदर' वाटलं, एकाला 'जड', आणि तिसऱ्याने 'उगाच कशाला भावना दुखावायच्या, काढून टाक' असा सल्ला दिला. तर हे संदर्भ ठेवायचे का, किती ठेवायचे, आणि ते नुसते दागिने वाटू नयेत म्हणून काय करायचं?

'किती' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. एका पानावर दहा संदर्भ असूनही कथा हलकी राहू शकते, आणि अख्ख्या कथेत एकच असूनही तो दाताखाली आलेल्या खड्यासारखा लागू शकतो. हस्तलिखित संपादित करताना मी अशा प्रत्येक जागी समासात एकच शब्द लिहितो: 'कोणाचा?' उत्तरं तीनच असतात. संदर्भ पात्राचा असतो, म्हणजे ती तुलना त्या मुलाच्याच मनात आली. किंवा निवेदकाचा असतो, म्हणजे मागाहून गोष्ट सांगणाऱ्याने त्या प्रसंगावर तो शब्द ठेवला. किंवा लेखकाचा असतो, म्हणजे कथेतल्या कोणालाच त्याचा पत्ता नाही, पण मांडणीत तो आहे. तिन्ही चालतात. घोटाळा होतो तो लेखकाचा संदर्भ पात्राच्या डोक्यात कोंबला की. तुमच्या 'जड' म्हणणाऱ्या वाचकाला बहुधा हेच टोचलं असावं.

मुळात या वयातल्या प्रेमाला धर्माची भाषा का लागते, हे एकदा नीट लक्षात घेतलं की पुढचं सोपं होतं. सोळाव्या वर्षी जे वाटतं ते सांगायला मुलाजवळ स्वतःचे शब्द नसतात. घरात रोज कानावर पडणारी प्रार्थना, आरती, दुवा, स्तोत्र हीच त्याला ठाऊक असलेली भारदस्त भाषा. हल्ली सिनेमाची गाणी त्याच्याआधी पोचतात हे खरं, पण त्या गाण्यांनीही आपला निम्मा शब्दसाठा देवघरातूनच उचलला आहे. शिवाय धर्माकडे तयार कृती असतात. एकच नाव मनातल्या मनात घोकत राहायचं, कोणासाठी तरी उपाशी राहायचं, काहीतरी बोलून बसायचं आणि ते फेडायचं, चोरून काही केलं तर पाप लागेल म्हणून घाबरायचं. प्रेमात पडलेलं पोर नेमकं हेच करत असतं. त्याने ही भाषा उसनी घेतली यात नवल नाही. ती त्याला सैल होते की घट्ट बसते, कुठे उसवते, याकडे लेखकाचं लक्ष हवं. कथा तिथे असते.

या बाबतीत मला सगळ्यात जास्त शिकवणारी कथा म्हणजे जेम्स जॉइसची 'ॲरबी'. 1914 साली आलेल्या 'डब्लिनर्स' या संग्रहातली ही छोटीशी कथा. डब्लिनमधला एक शाळकरी मुलगा मित्राच्या बहिणीवर जीव टाकतो. ती 'ॲरबी' नावाच्या बाजाराबद्दल विचारते, स्वतः जाऊ शकत नाही म्हणते, आणि हा तिला तिथून काहीतरी आणून द्यायचं कबूल करतो. काका उशिरा घरी येतात, पैसे उशिरा मिळतात, बाजारात पोचेपर्यंत दिवे मालवायची वेळ झालेली असते, आणि तो रिकाम्या हातांनी उभा राहतो. घडतं ते एवढंच. हा बाजारही जॉइसच्या कल्पनेतला नाही. 1894 च्या मे महिन्यात डब्लिनमध्ये एका रुग्णालयाच्या मदतीसाठी या नावाचा बाजार खरोखर भरला होता.

आता त्यातला एकच परिच्छेद जवळून पाहा. शनिवारी संध्याकाळी काकू बाजारहाट करायला निघते आणि पिशव्या उचलायला मुलाला बरोबर नेते. रस्त्यात दारुडे, घासाघीस करणाऱ्या बायका, शिव्या हासडणारे मजूर. डुकराच्या मांसाच्या पिंपांपाशी उभी असलेली दुकानातली पोरं ओरडताहेत, आणि त्या ओरडण्याला जॉइस चर्चमधल्या सामुदायिक प्रार्थनेचं नाव देतो. रस्त्यावरचे गाणारे नाकात गातात, त्यालाही तो स्तोत्रगायनाचा शब्द वापरतो. आणि या गर्दीतून चालताना मुलाला वाटतं, आपण शत्रूंच्या घोळक्यातून आपला पवित्र पेला सांभाळून नेतो आहोत. हा पेला म्हणजे चर्चमधल्या विधीतला द्राक्षारसाचा पेला.

या एका परिच्छेदात दोन थर आहेत. पेला मुलाचा आहे. कॅथलिक शाळेत शिकणाऱ्या, रविवारी चर्चमध्ये बसणाऱ्या पोराच्या मनात तो येणारच. हातात मात्र काकूच्या पिशव्या आहेत, आणि जॉइस हे बोलून दाखवत नाही. तो फक्त आधीच्या वाक्यात पिशव्यांचा उल्लेख करून ठेवतो. दुसरीकडे, दुकानातल्या पोरांच्या ओरडण्यात प्रार्थना ऐकणारा तो मुलगा नव्हे. तो मोठा झालेला निवेदक आहे, कारण त्या वयाच्या मुलाला ते ओरडणं शत्रूंचंच वाटतंय. म्हणजे मुलगा देवत्व एका मुलीत पाहतोय आणि निवेदक तेच शब्द बाजारावर शिंपडतोय. कथेच्या शेवटी मुलगा जेव्हा मिटत आलेल्या बाजारात शिरतो, तेव्हा त्याला तिथली शांतता उपासना संपल्यानंतरच्या चर्चसारखी वाटते, आणि दोन माणसं तबकात पैसे मोजत बसलेली दिसतात. सुरुवातीच्या बाजारात देऊळ ऐकू आलं होतं, शेवटच्या देवळात बाजार दिसतो. मधे कुठेही 'त्याचा भ्रमनिरास झाला' असं वाक्य लागत नाही.

तिसरा थर तर दुसऱ्या वाचनात सापडतो. मुलगा राहतो त्या घरात पूर्वी एक धर्मगुरू भाड्याने राहायचा आणि तिथेच वारला. घरामागच्या रान माजलेल्या बागेत मधोमध सफरचंदाचं झाड आहे, आणि एका झुडपाखाली त्या धर्मगुरूचा गंजलेला सायकलचा पंप पडला आहे. बाग, मधोमध सफरचंद. ख्रिस्ती घरात वाढलेल्या वाचकाला यापुढे काही सांगावं लागत नाही. पण मुलाला तो फक्त पंप आहे. हा संदर्भ लेखकाचा, आणि त्याने तो कोणाच्याही तोंडी दिला नाही. त्यातही गंजलेला पंप ठेवून त्या बागेचं पावित्र्य घालवलं. नुसतं झाड ठेवलं असतं तर ते सजावट झालं असतं.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक नवे लेखक विसरतात. ती मुलगी बाजाराला का जाऊ शकत नाही? कारण तिच्या कॉन्व्हेंटमध्ये त्याच आठवड्यात रिट्रीट आहे, म्हणजे एकांतात प्रार्थना-चिंतन करण्याचे दिवस. मुलगा तिची मनोमन पूजा बांधतोय आणि तिला खराखुरा धर्म आपल्याकडे ओढून नेतोय. हे सांगताना ती कठड्यापाशी उभी राहून मनगटातलं चांदीचं कडं फिरवत असते. तिला त्याच्या पूजेचा पत्ताच नाही. मुलीचं स्वतःचं धर्माशी काय नातं आहे, हा प्रश्न तुमच्या कथेत तर विचारायलाच हवा. तुमचा नायक चर्चच्या दारातून तिच्याकडे पाहतो आणि तुम्ही चार ओळींत मेणबत्त्या आणि देवदूत आणता. पण ती तिथे खरोखर प्रार्थना करत असेल तर? परीक्षेसाठी, आईच्या दुखण्यासाठी, किंवा या मुलाने आपला नाद सोडावा म्हणून?

आता याच्या अगदी उलटं उदाहरण, कारण एकतर्फी भक्ती हा एकच रस्ता नाही. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात रोमिओ अजून रोझलाइनवर फिदा आहे. तिच्याहून सुंदर कोणी असेल असं माझ्या डोळ्यांनी मान्य केलं, तर ते डोळे पाखंडी ठरोत आणि खोटेपणाबद्दल जाळले जावोत, असं तो म्हणतो. डोळ्यांचा धर्म, पाखंड, जाळणं, सगळा मालमसाला आहे. ऐकायला भारी आणि आतून पोकळ. शेक्सपिअरला तो पोकळच दाखवायचा आहे, कारण रोझलाइन रंगमंचावर एकदाही बोलत नाही. आणि त्याच रात्री, पाचव्या प्रवेशात, तोच मुलगा ज्युलिएटचा हात धरून हे पवित्र स्थान आहे आणि माझे ओठ यात्रेकरू आहेत म्हणतो. शब्दांची जात तीच. फरक एवढाच की ही मुलगी उत्तर देते. यात्रेकरूंचे हात संतांच्या मूर्तींच्या हातांना लागतात, तळव्याला तळवा भिडणं हेच त्यांचं चुंबन, ओठ प्रार्थनेसाठी असतात, असं सांगून ती त्याचं रूपक त्याच्याच हातातून काढून घेते. तो म्हणतो, मग ओठांनाही हातांसारखं करू दे. ती म्हणते, मूर्ती जागची हलत नसते, मागितलेलं दिलं तरी. या दोघांचं बोलणं मिळून चौदा ओळींचं एक सुनीत होतं आणि ते संपताच चुंबन होतं. ज्युलिएट तेव्हा चौदाचीही पुरी नाही.

तुमच्या कथेसाठी यातून घ्यायचं ते असं: नायकाने तिला देवी म्हटलं, तर ते तिच्या कानावर जाऊ द्या. ती हसेल, चिडेल, 'देवीला घरी भांडी घासावी लागत नाहीत' म्हणेल, किंवा त्याच रूपकात त्याला हरवेल. तिला हे कधीच कळणार नसेल तर 'ॲरबी'सारखं तेही चालेल, पण मग ते न कळणं हाच कथेचा विषय व्हायला हवा. मधल्या मधे, म्हणजे तिला देवीही केलंय आणि तिला तोंडही नाही आणि लेखकाला त्याचं काही वाटत नाही, अशी हस्तलिखितं ढिगाने येतात.

मराठीत लिहिताना आपल्याला एक सोय आहे, जी फुकट घालवू नये. आपल्या वाचकाचा कान या बाबतीत दोन्ही बाजूंनी तयार आहे. ज्ञानेश्वरांच्या विराण्या घ्या. 'घनु वाजे घुणघुणा, वारा वाहे रुणझुणा' ही तळमळ देवासाठी आहे, पण बोलते आहे ती प्रियकराची वाट पाहणारी. 'पैल तो गे काऊ कोकताहे' तसंच. म्हणजे प्रेमाची भाषा भक्तीने आधीच वापरली आहे, आणि तुम्ही ती परत प्रेमाकडे आणता आहात. त्यामुळे नाव घ्यायची गरजच उरत नाही. तुमच्या कथेत एखादी मुलगी निकालाची किंवा फोनची वाट पाहत खिडकीत बसली आहे आणि समोर कावळा ओरडतो आहे, एवढं लिहिलंत तरी मराठी वाचकाला मागचं ऐकू येतं. तिथे 'तिला विराणी आठवली' असं लिहिलंत की ते मरतं.

एक तुकडा करूनच दाखवतो. तुमच्या कथेत असतं तसं एक वाक्य घेऊ: 'ती जिना चढून आली आणि त्याला वाटलं, जणू राधाच यमुनेवरून घडा घेऊन येते आहे.' विचारा, कोणाचा? मुलाचा? वही परत करायला आलेली वर्गातली मुलगी पाहून सोळा वर्षांच्या पोराला यमुना दिसत नाही, धडधडतं आणि काय बोलावं सुचत नाही. निवेदकाचा? पण तुमचा निवेदक एरवी इतका सजवून बोलत नाही. म्हणजे हा लेखकाचा, आणि चुकीच्या डोक्यात शिरलेला. आता तुमच्याच कथेतली सामग्री वापरून:

'आजीला आता बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून पोथी तो वाचायचा आणि ती डोळे मिटून ऐकायची. जिन्यावर चपला वाजल्या. त्याने पान उलटलं आणि घाईने पुढे वाचायला लागला. आजीने डोळे न उघडताच मधली सुटलेली ओवी म्हणून टाकली. मग म्हणाली, हं, आता पुढे.'

इथे राधा नाही, यमुना नाही. पण मुलगा आहे, धर्म आहे, आणि त्या दोन्हींमध्ये शिरलेली मुलगी आहे, जी अजून दारातही आलेली नाही. आजीला काय कळलं आणि काय नाही हा प्रश्नही आपसूक उभा राहिला. ती पोथी एकनाथांचं 'रुक्मिणी स्वयंवर' आहे असं एखाद्या आधीच्या पानावर सहज येऊ द्या, म्हणजे जाणत्याला आणखी एक पदर मिळेल. न जाणत्याचं काही अडणार नाही.

राधेवरून आठवलं. तुमच्या कथेतली आजी भागवत वाचते असा एका ठिकाणी उल्लेख आहे आणि पुढच्याच प्रकरणात मुलगा 'आजीच्या पोथीतली राधा' म्हणतो. भागवतात राधेचं नाव नाही. तिला काव्याच्या मधोमध आणून बसवलं ते बाराव्या शतकातल्या जयदेवाच्या 'गीतगोविंदा'ने. चूक बारीक आहे, पण पोथी ऐकत वाढलेल्या मुलाच्या तोंडी ती आली की त्याचं वाढणंच खोटं पडतं. पात्राने नेमकं काय ऐकलं आहे, याची यादी कथेबाहेर वेगळ्या कागदावर करून ठेवा आणि संदर्भ फक्त त्यातून उचला.

आणि पुराणातलं नाव उचललंत की त्या गोष्टीचं शेपूट बरोबर येतं. राधाकृष्ण म्हटलं की वाचकाला कृष्ण मथुरेला जाणार हे माहीत असतं. तुमच्या कथेत दोघं शेवटी एकत्र राहतात. मग ती तुलना वाचकाला पानोपानी वियोगाची वाट पाहायला लावते आणि शेवटी फसवल्यासारखं वाटतं. मीरा तर या कथेत बसतच नाही. तिचा प्रियकर देव होता आणि समोर नव्हता. तुमच्या नायिकेचा प्रियकर शेजारच्या बाकावर आहे आणि तिच्याकडून गणिताची वही मागून नेतो. मीरा काढा.

रुक्मिणी मात्र ठेवा, आणि तिचा पुरेपूर उपयोग करा. तुम्ही तिला 'पत्र लिहिणारी' एवढ्यापुरती आणली आहे. भागवताच्या दहाव्या स्कंधात बावन्नाव्या अध्यायात ते पत्र आहे, सात श्लोकांचं. वाचून पाहा. पहिल्या श्लोकात तुझे गुण ऐकून मन तुझ्यात गुंतलं आहे वगैरे आहे. पण पुढे ती चक्क योजना सांगते: लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची मोठी यात्रा असते, नवरी त्यासाठी नगराबाहेर गिरिजेच्या देवळात जाते, तिथून मला घेऊन जा. म्हणजे भाऊ ज्या धर्मकृत्यासाठी तिला स्वतःहून बाहेर सोडणार, तेच तिने पळून जाण्याची वाट म्हणून हेरलं आहे. इतकी हुशार मुलगी आपल्याकडे लग्नाच्या गाण्यांत नुसती लाजते. तुमच्या नायिकेला घरातून बाहेर पडायला चर्चच्या गायनवृंदाची तालीम हे एकच कारण चालतं, असं तुम्ही लिहिलंच आहे. हा संदर्भ तुमच्या हातात आयता आहे. रुक्मिणीचं नाव तिच्या तोंडी येणार नाही, यायलाही नको. फक्त तालमीची वेळ तीच ठरवते आणि त्याला कळवते, असं करा. रुक्मिणीची गोष्ट रोज वाचणाऱ्या मुलाला तो निरोप वाचताना काय वाटलं असेल, हे वाचक बघून घेईल.

कालिदासाचं 'कुमारसंभव' तुमच्या कथेत नाही, तरी त्याचा पाचवा सर्ग एकदा चाळा. मदन डोळ्यांदेखत जळून गेल्यावर पार्वती मनातल्या मनात आपल्या रूपालाच दोष देते. जगन्मातेला कवी आधी एक हिरमुसलेली मुलगी म्हणून उभी करतो. मग तप, आणि मग तो बटू येऊन शंकराची यथेच्छ निंदा करतो. ती चिडून उत्तर देते, निघून जायला पाऊल उचलते, आणि समोर तो बटू म्हणजे साक्षात शंकरच. उचललेलं पाऊल तसंच राहतं: 'न ययौ न तस्थौ', गेलीही नाही आणि थांबलीही नाही. इथून घ्यायचं ते नाव किंवा उपमा नव्हे. ते अर्धवट उचललेलं पाऊल घ्या आणि तुमच्या जिन्यावर ठेवा.

कथेत उपमेपेक्षा कृती नेहमी जास्त काम करते, हे धर्माच्या बाबतीत तर फारच खरं. फारसी कवी निजामीने 1188 साली लिहिलेल्या लैला-मजनूच्या काव्यात एक प्रसंग आहे. पोराचं वेड उतरावं म्हणून बाप त्याला काबेला घेऊन जातो आणि सांगतो, इथे सुटकेची प्रार्थना कर. मुलगा प्रार्थना करतो, पण माझं प्रेम वाढू दे अशी. एकही उपमा न वापरता श्रद्धा, बापाची हतबलता, मुलाचा हट्ट आणि पुढचा सगळा अनर्थ त्यात आला. मुलगा अश्रद्ध नाही हे महत्त्वाचं. देव ऐकतो यावर त्याचा बापाइतकाच विश्वास आहे, म्हणूनच तो तिथे ते मागतो. तुमचा नायक परीक्षेच्या आदल्या दिवशी देवापुढे बसतो, त्या पानावर त्याला नेमकं काय मागू द्यायचं याचा पुन्हा विचार करा. सध्या तिथे त्याला 'मूर्तीत तिचाच चेहरा दिसतो'. हे इतक्या जणांनी लिहून झालंय की वाचक तिथून न थांबता पुढे जातो. त्याऐवजी त्याला काय मागावं हेच ठरवता येत नाही, मार्क की ती, आणि दोन्ही मागितलं तर देव एकच देईल अशी भीती वाटते, इतकं साधं लिहा.

चर्चच्या प्रसंगातही तेच. तुमच्या मुलाला तिथलं काहीच माहीत नाही, ही लेखक म्हणून तुमची चैन आहे. लोक कधी उभे राहतात, कधी गुडघे टेकतात, हे त्याला कळत नाही. तो शेवटच्या बाकावर बसून पुढच्याचं पाहून पाहून करतो आणि दर वेळी उशीर होतो. प्रसादासाठी रांग लागते तेव्हा तो उठावं की बसावं या पेचात. ती रांगेतून परतताना त्याला पाहते. देवदूत, मेणबत्त्या, स्वर्गीय प्रकाश, सगळं काढा. त्याला जे कळत नाही तेवढंच ठेवा.

आता भावना दुखावण्याबद्दल. तिसऱ्या वाचकाची भीती नवी नाही. अकराव्या शतकात मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने 'काव्यप्रकाशा'त स्पष्ट लिहून ठेवलं आहे की श्रेष्ठ देवतांचा संभोगशृंगार वर्णू नये, ते आईबापांच्या शृंगाराचं वर्णन केल्यासारखं अनुचित आहे. त्याच्या दोनेक शतकं आधी आनंदवर्धन या दुसऱ्या काव्यशास्त्रकारासमोर हाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर जास्त रोचक आहे: महाकवीच्या हातून असं अनौचित्य घडलं तरी त्याच्या प्रतिभेच्या बळाने ते झाकलं जातं, ग्राम्य म्हणून जाणवत नाही. दोघांच्याही मनात 'कुमारसंभवा'सारखं काव्य आहे. तुमचा प्रश्न याहून पुष्कळ सौम्य आहे, कारण तुम्ही देवांचं प्रेम लिहीत नाही, देव मानणाऱ्या मुलांचं लिहिता. माझा अनुभव असा की श्रद्धाळू वाचकाला प्रेमाचा राग येत नाही. त्याला राग येतो तो आपल्या उपासनेचा नुसता पडदा म्हणून वापर झाला, किंवा तिचा तपशील चुकला की. विशेषतः दुसऱ्याच्या धर्माबद्दल लिहिताना हस्तलिखित त्या धर्मातल्या, रोज प्रार्थना करणाऱ्या कोणाला तरी वाचायला द्या. चर्चमधल्या उपासनेचा क्रम तुमच्याकडे उलटा झाला आहे. तो तुमच्या मुलाला कळत नाही हे ठीक, पण मुलीच्या नजरेतून लिहिलेल्या पानावरही तो उलटाच आहे.

मात्र सावधगिरी म्हणून सगळं पुसून टाकू नका. पोथी वाचणाऱ्या घरातला मुलगा आणि गायनवृंदात गाणारी मुलगी यांच्या कथेतून धर्म काढला तर त्यांच्या आयुष्यातला कोणता वेळ कथेला उरतो?

'किती' या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. समुद्रमंथन काढा, कारण ते पात्र, निवेदक, लेखक या तिघांपैकी कोणाचंच नाही. मुलाने ते ऐकलं असेल, पण त्या प्रसंगात ओठांवरचं अमृत त्याला सुचणार नाही. मीरा काढा. राधा एकदाच ठेवा, तीही नायकाच्या मित्राच्या तोंडी चिडवण्यासाठी, कारण मित्र असं चिडवतात. रुक्मिणी पोथीत राहू द्या आणि तालमीत. चर्च अज्ञानासकट ठेवा. एकच संदर्भ कथेत तीन-चार वेळा बदलत्या अर्थाने येणं हे चार वेगळे संदर्भ एकेकदा येण्यापेक्षा केव्हाही बरं. पोथीचं पान, सुटलेली ओवी, आजीचं 'आता पुढे': एवढ्यावर तुमचं अर्धं काम भागेल. मुलगी आजीला पहिल्यांदा भेटते त्या प्रकरणात पोथी कोण वाचतं, हेही एकदा पाहा. सध्या त्या पानावर पोथी कपाटात आहे.

हे सगळं केल्यावर कथा पुन्हा वाचायला द्याल, तेव्हा ज्याला ती 'सुंदर' वाटली होती त्याला देऊ नका. 'जड' म्हणणाऱ्याला द्या, आणि कुठे थांबावंसं वाटलं तिथे पेन्सिलीने नुसती रेघ मारायला सांगा, कारण विचारू नका. त्या रेघांपाशी 'कोणाचा?' हा प्रश्न तुम्हीच विचारा.